भयाचे मूळ आणि भुताचे कूळ

‘द थिंग’ या १९८२ च्या चित्रपटात अंटार्क्टिकावरील अमेरिकी संशोधन तळावरची दोन माणसे हेलिकॉप्टरने जवळच्या नॉर्वेजियन तळावर जातात. तो तळ जळून गेलेला आहे. लाकडात एक रक्ताळलेली कुऱ्हाड रुतून बसली आहे. खुर्चीत एक माणूस बसल्या जागी गोठला आहे, आणि त्याचा गळा व मनगटे त्याने स्वतःच चिरली असावीत असे दिसते. बर्फाची एक भलीमोठी लादी आहे आणि तिच्या मधोमध, आतून काहीतरी निघून गेल्यासारखी, पोकळी आहे. बाहेर बर्फात अर्धवट जळलेले एक शरीर पडले आहे, ज्याचे दोन चेहरे एकमेकांत वितळले आहेत. काय घडले हे सांगायला तेथे कोणीही उरलेले नाही. जॉन कारपेंटर यांनी हा प्रसंग काही मिनिटांत संपवला, पण पुढच्या संपूर्ण चित्रपटावर त्याची सावली पडते, कारण या उद्ध्वस्त तळावर जे घडून गेले तेच आता आपल्या माणसांच्या वाट्याला येणार, हे प्रेक्षकाला कोणी न सांगता कळते.

२०११ साली त्याच नावाचा दुसरा चित्रपट आला आणि त्याने नॉर्वेजियन तळाची हकिगत सांगितली. त्याच्या कर्त्यांनी जुन्या चित्रपटातली एकेक खूण अत्यंत निष्ठेने टिपली होती. कुऱ्हाड तेथे कशी रुतली, ते दोन चेहरे कोणाचे होते, खुर्चीतला माणूस कोण, या साऱ्यांची उत्तरे त्यात मिळतात, आणि शेवटी, जुना चित्रपट ज्यांच्यापासून सुरू होतो, तो कुत्रा व त्याच्यामागे निघालेले हेलिकॉप्टरही दिसते. हिशेब चोख जुळतो. तरीही उत्तर मिळाल्यावर कुऱ्हाड नुसती कुऱ्हाड उरते.

भयपटांच्या पूर्वकथा, म्हणजे ज्यांना सर्रास प्रीक्वेल म्हटले जाते ते चित्रपट, मूळ अभिजात कृतीच्या तोडीचे होऊ शकतात का, हा प्रश्न अलीकडे पुन्हा पुन्हा विचारला जातो. एकट्या २०२४ मध्ये ‘द ओमेन’ आणि ‘रोझमेरीज बेबी’ या दोन अभिजात भयपटांच्या पूर्वकथा आल्या. या प्रश्नाला ‘होऊच शकत नाहीत’ असे झटपट उत्तर देणाऱ्यांशी मी पूर्णपणे सहमत नाही. परंतु मूळ कृतीने जे भय दिले तेच भय पुन्हा देण्याची इच्छा धरणारी पूर्वकथा हरणारच, असे माझे मत आहे. जी टिकते ती रस बदलते. भयानकाची वाट सोडून ती करुणाकडे वळते, आणि तसे वळण्याचे धैर्य फार थोड्यांना झाले आहे.

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ ही आपली म्हण येथे अगदी चपखल बसते. ऋषीचे कूळ शोधले तर त्याचे ऋषित्व कमी होते की नाही हे ठाऊक नाही, पण भुताचे कूळ शोधले की भूत मात्र निश्चितच कमी होते. याचे कारण भयाच्या घडणीत आहे. भय पुढे बघते. काय होईल हे माहीत नसणे आणि समोर जे आहे ते काय आहे हे माहीत नसणे, या दोन अज्ञानांवर ते जगते. पूर्वकथेत ही दोन्ही अज्ञाने आधीच नाहीशी झालेली असतात. कोण जगणार आणि कोण मरणार हे मूळ कृतीने सांगून टाकले आहे, आणि संकटाचे स्वरूपही प्रेक्षकाच्या परिचयाचे झाले आहे. उरते ते फक्त ‘हे कसे सुरू झाले’ हे कुतूहल, आणि कुतूहल ही बुद्धीची भूक आहे, ती अंगावर काटा आणत नाही.

‘एलियन’चे उदाहरण मला सर्वांत अधिक खंत वाटायला लावते. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या या चित्रपटात अनोळखी ग्रहावरच्या अवशेषरूप यानात शिरलेल्या माणसांना एक अवाढव्य प्राणी आसनाशी जखडल्यासारखा मृतावस्थेत सापडतो. तो जणू दगड झाला आहे, आसनातूनच उगवल्यासारखा वाटतो, आणि त्याच्या छातीच्या फासळ्या बाहेरच्या बाजूला वाकलेल्या आहेत. स्विस चित्रकार गिगर यांनी कल्पिलेला तो आकार पाहताना विश्वाच्या वयापुढे माणूस किती अलीकडचा आणि किती क्षुल्लक आहे हे एकाच चौकटीत जाणवते. तेहतीस वर्षांनी, २०१२ च्या ‘प्रॉमिथिअस’मध्ये, त्याच दिग्दर्शकाने सांगितले की तो प्राण्याचा देह नव्हता, ते एक कवच होते आणि आत माणसासारखाच दिसणारा, फिकट वर्णाचा, उंच पुरुष होता. त्यानंतर २०१७ च्या ‘एलियन: कव्हेनंट’मध्ये, मूळ चित्रपटात माणसांची शिकार करणाऱ्या त्या भीषण जीवाला आज आपण ओळखतो तो आकार देण्याचे श्रेय माणसाने बनवलेल्या यंत्रमानवाकडे गेले. या दोन चित्रपटांत विचार आहे, यंत्रमानव साकारणाऱ्या मायकेल फासबेंडर यांचा अभिनय लक्षात राहणारा आहे, आणि निर्मात्याविरुद्ध उठणाऱ्या निर्मितीचा विषयही हलका नाही. पण ज्या विश्वाला माणसाची खबरबातही नव्हती तेथे आता सर्वत्र माणसाचेच प्रतिबिंब दिसू लागले. मूळ चित्रपटातली अथांग उदासीनता कौटुंबिक कलहात रूपांतरित झाली, आणि हे नुकसान कोणा परक्याने केलेले नाही, मूळ कलावंतानेच केले आहे. म्हणूनच पूर्वकथेचे अपयश केवळ कर्त्याच्या कुवतीवर ढकलता येत नाही.

हॅनिबल लेक्टर या नरभक्षक खुन्याच्या बाबतीतही हेच घडले. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ या कादंबरीत लेक्टर तरुण तपास अधिकारी क्लॅरिसला बजावतो की त्याला काही झालेले नाही, तो स्वतःच घडलेला आहे, आणि त्याला प्रभावांच्या यादीत बसवता येणार नाही. पात्राने आपल्या लेखकाला घातलेली ही ताकीदच म्हणायला हवी. लेखक थॉमस हॅरिस यांनीच पुढे ती मोडली. ‘हॅनिबल रायझिंग’ या कादंबरीत आणि २००७ च्या चित्रपटात दुसऱ्या महायुद्धातले लिथुआनिया येते, उपासमारीने पिसाळलेले सैनिक येतात, लहानग्या बहिणीची हत्या येते, आणि नरभक्षणाला सूडाचे कारण मिळते. कारण समजले की आपण क्षमा करू लागतो किंवा निदान वर्गवारी करू लागतो, आणि लेक्टरचे सामर्थ्य तर कोणत्याच वर्गात न बसण्यात होते.

पूर्वकथा भय निर्माण करू शकत नाही हे तिच्या कर्त्यांच्या लक्षात येते तेव्हा ते बहुधा ती उणीव किळसेने भरून काढतात. भरताच्या नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले, एकाचा स्थायीभाव भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा, आणि हा भेद भयपटाच्या समीक्षेत आजही उपयोगी पडतो. टोबी हूपर यांच्या १९७४ च्या ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’मध्ये नाव ऐकून अपेक्षा व्हावी त्या मानाने प्रत्यक्ष रक्त फार थोडे दिसते, जे दिसत नाही तेच मन रंगवत राहते. त्याची २००६ मध्ये आलेली पूर्वकथा, जी खरे तर २००३ च्या नव्या आवृत्तीला जोडलेली आहे, सगळे काही उघड्यावर मांडते. तिच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे आहे ते ‘द एक्झॉर्सिस्ट’बद्दल, कारण तेथे एकाच पूर्वकथेचा प्रयोग दोनदा झाला. विल्यम फ्रीडकिन यांच्या १९७३ च्या मूळ चित्रपटात वृद्ध फादर मेरिनने पूर्वी आफ्रिकेत एक भूतबाधा उतरवली होती, ती महिनोन्‌महिने चालली आणि तीत त्याचा जीव जाता जाता राहिला, एवढाच ओझरता उल्लेख येतो. त्या एका वाक्यावर पूर्वकथा उभारायचे ठरले. पॉल श्रेडर यांनी चित्रपट पूर्ण केला, निर्मात्यांना तो पुरेसा भीतिदायक वाटला नाही, आणि त्यांनी रेनी हार्लिन यांच्याकडून जवळजवळ सगळा चित्रपट नव्याने चित्रित करून घेतला. मेरिनच्या भूमिकेत दोन्हीकडे स्टेलन स्कार्सगार्ड आणि कॅमेऱ्यामागे दोन्हीकडे व्हित्तोरियो स्तोरारो होते. हार्लिन यांचा चित्रपट २००४ मध्ये आला आणि समीक्षकांनी तो झिडकारला. त्यानंतर २००५ मध्ये श्रेडर यांची आवृत्तीही प्रदर्शित झाली. एकच पात्र, एकच नट, पूर्व आफ्रिकेत वाळूखाली गाडले गेलेले तेच चर्च, आणि तरीही दोन वेगळे चित्रपट, अशी तुलनेची संधी चित्रपटाच्या इतिहासात क्वचितच मिळते.

हार्लिन यांनी भय मिळवण्याचा आटापिटा केला. दचकवणारे आवाज, हिंस्र प्राणी, मूळ चित्रपटातल्या झपाटलेल्या मुलीच्या विद्रूप चेहऱ्याची नक्कल असे सगळे तेथे आहे. श्रेडर यांनी मात्र भय जवळजवळ सोडूनच दिले आणि एका श्रद्धा हरवलेल्या धर्मगुरूची कथा सांगितली. युद्धकाळात हॉलंडमध्ये एका नाझी अधिकाऱ्याने मेरिनला गावातली दहा माणसे मरणासाठी निवडायला भाग पाडलेले आहे, आणि ती निवड तो आफ्रिकेच्या उन्हातही वाहून नेतो आहे. श्रेडर यांची सर्वांत धाडसी कल्पना अशी की येथे झपाटलेला अपंग मुलगा विद्रूप होत नाही. तो बरा होत जातो, देखणा होत जातो. सैतानाने दुःख न देता सुख देऊ केले तर माणूस काय करील, हा प्रश्न मूळ चित्रपटाने विचारलेला नव्हता. या चित्रपटाच्या तांत्रिक बाजू दुबळ्या आहेत, संगणकीय दृश्ये अपुरी वाटतात, तरी दोहोंतला जिवंत चित्रपट हाच आहे, कारण त्याला स्वतःचा प्रश्न आहे.

तरीही तो १९७३ च्या चित्रपटाच्या तोडीचा नाही, आणि त्याचे कारण मूळ चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांतच सापडते. उत्तर इराकमधल्या उत्खननात मेरिनला एक लहानशी मूर्ती सापडते. तो चहाच्या पेल्याशेजारी बसून कापऱ्या हाताने गोळी घेतो. शेवटी वाऱ्यात उभ्या असलेल्या त्या राक्षसमूर्तीसमोर तो एकटा उभा राहतो. संवाद अगदी मोजके आहेत. या माणसाने त्या शक्तीला पूर्वी कधीतरी तोंड दिले आहे आणि ती आता परत आली आहे, हे आपल्याला त्याच्या हाताच्या कापण्यावरून कळते. पूर्वकथा तेथे आधीच सांगून झाली आहे. फ्रीडकिन स्पष्टीकरणाबाबत इतके कठोर होते की या मुलीचीच निवड का झाली याविषयीचे दोन धर्मगुरूंमधले संभाषण त्यांनी १९७३ मध्ये कापले. मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांचा त्याला विरोध होता आणि ते संभाषण २००० सालच्या विस्तारित आवृत्तीत परत आले. जो चित्रपट काही वाक्यांच्या खुलाशासाठीही कर्त्यांमध्ये मतभेद व्हावेत इतका जपून बोलतो, त्याच्याभोवती दोन पूर्ण लांबीचे खुलासे उभे राहिले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की अभिजात कृतींचे अभिजातपण हे बऱ्याच अंशी काळाचे देणे आहे, आणि नव्या चित्रपटाला ते पहिल्याच दिवशी मागणे अन्यायाचे आहे. ‘द थिंग’ हा चित्रपट जून १९८२ मध्ये ‘ई.टी.’नंतर दोन आठवड्यांनी आला तेव्हा त्याच्यावर किळसवाणेपणाचा शिक्का बसला होता आणि प्रेक्षकांनीही पाठ फिरवली होती. म्हणून २०११ च्या चित्रपटाकडेही मी पुन्हा पाहिले. त्यात एक खरोखर उत्तम कल्पना आहे: माणसांची हुबेहूब नक्कल करणारा तो परका जीव धातूसारख्या निर्जीव वस्तूंची नक्कल करू शकत नाही, म्हणून माणसांच्या दातांतले भरलेले चांदी-सिमेंट तपासायचे आणि ज्याच्या दातांत काही भरलेले नाही त्याच्यावर संशय घ्यायचा. खरा माणूस कोण हे ओळखण्यासाठी १९८२ मध्ये घेतलेल्या रक्ताच्या परीक्षेच्या शेजारी ही युक्ती मानाने बसते. पण अशी स्वतंत्र बुद्धी तेथे थोडा वेळच चमकते. शिवाय प्रत्यक्ष साकारलेल्या यांत्रिक बाहुल्यांवर शेवटी संगणकीय प्रतिमांचा मुलामा चढवण्यात आला, आणि रॉब बॉटीन या विशीतल्या तरुणाने १९८२ मध्ये हातांनी घडवलेल्या ओल्या, जड, समोर असल्याची खात्री पटवणाऱ्या आकृत्यांचे वजन त्यातून निघून गेले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अभिजात भयपट स्वतःही खुलासे करतात, मग पूर्वकथेलाच दोष का? ‘सायको’च्या शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ खुनी नॉर्मन बेट्सच्या मनाची सविस्तर फोड करून सांगतो. हे खरे आहे. परंतु हिचकॉक त्या खुलाशावर थांबत नाहीत. त्यानंतर भिंतीसमोर बसलेला नॉर्मन येतो, आईचा आवाज येतो, ते हसू येते, आणि तज्ज्ञाचे सगळे शब्द त्या हसण्यापुढे अपुरे पडतात. खुलासा दिला आणि तो पुरणार नाही हे दाखवले. पूर्वकथा बहुधा खुलाशावरच समाधान मानते, किंबहुना तिचा जन्मच त्यासाठी झालेला असतो.

तिच्या जन्माला व्यवहाराचेही कारण आहे. मूळ कथेतली महत्त्वाची पात्रे शेवटी मेलेली असतात, संकट संपलेले असते किंवा नट वृद्ध झालेले असतात. पुढचा रस्ता बंद असला तरी नावाला बाजारात किंमत असते, म्हणून मग मागे जायचे. केवळ व्यवहारातून जन्मली म्हणून एखादी कृती कमअस्सल ठरत नाही, पण येथे प्रश्न कलावंताच्या मनातून आलेला नसतो, रिकाम्या जागेतून आलेला असतो.

काही पूर्वकथा मूळ चित्रपटापेक्षा सरस ठरल्या आहेत हे मान्य करायलाच हवे. माइक फ्लॅनगन यांचा २०१६ चा ‘ओइजा: ओरिजिन ऑफ ईव्हिल’ हा २०१४ च्या सामान्य दर्जाच्या ‘ओइजा’पेक्षा कितीतरी चांगला आहे. मात्र तेथे मूळ कृती अभिजात नव्हती, आणि गमावण्यासारखे काही नसताना जिंकणे सोपे असते. ‘पर्ल’ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टाय वेस्ट यांच्या ‘एक्स’मध्ये १९७९ सालच्या टेक्सासमधली एक जख्ख म्हातारी खून करते आणि तिच्या सुरकुतलेल्या देहाचीच आपल्याला भीती घातली जाते. त्याच वर्षी, २०२२ मध्ये, आलेली पूर्वकथा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतल्या शेतावर जाते आणि तीच स्त्री तरुण, नटी होण्याचे स्वप्न पाहणारी, आईच्या धाकात कोंडलेली दिसते. दोन्ही वयांची पर्ल मिया गॉथ यांनीच साकारली आहे. शेवटाकडे तिचे एक दीर्घ स्वगत आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून जवळजवळ हलत नाही, आणि ती आपल्या आत काय आहे हे भाबडेपणाने सांगत जाते तेव्हा भीतीपेक्षा शोक अधिक वाटतो. पुढे ‘एक्स’ पुन्हा पाहताना ती म्हातारी पूर्वीसारखी नुसती भीतिदायक राहत नाही. येथे पूर्वकथेने मूळ चित्रपटातून काही काढून घेतले नाही, त्यात भर घातली.

अभिजात कृतींच्या बाबतीत हे साधते का, याचे संमिश्र उत्तर २०२४ च्या दोन चित्रपटांत आहे. ‘अपार्टमेंट ७ए’ने ‘रोझमेरीज बेबी’तल्या टेरी या मुलीची कथा घेतली, जी मूळ चित्रपटात तळघरात कपडे धुताना एकदा भेटते आणि लवकरच इमारतीसमोर मरून पडलेली दिसते. विषय निवडताना सहृदयता होती, कारण ज्या मुलीकडे कोणी वळून पाहिले नाही तिला चित्रपट मिळाला. परंतु रोमन पोलान्स्की यांच्या १९६८ च्या चित्रपटाचे सारे भय एका संशयावर उभे होते: शेजारचे प्रेमळ म्हातारे जोडपे खरोखर दुष्ट आहे की गर्भारपणात एकटी पडलेली रोझमेरी भ्रमिष्ट होत चालली आहे? नव्या चित्रपटात त्या जोडप्याला पाहताक्षणी आपल्याला सगळे माहीत असते, आणि तरीही चित्रपट रोझमेरीच्याच पावलांवर पाऊल टाकत, तेच टप्पे घेत चालतो. टेरीचा मृत्यू ही तिची स्वतःची निवड होती असे शेवटी दाखवले जाते. तो क्षण सुंदर आहे. संपूर्ण चित्रपट त्या निवडीचा असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

‘द फर्स्ट ओमेन’ने हे अधिक जाणून केले. रिचर्ड डॉनर यांच्या १९७६ च्या चित्रपटात सैतानाच्या मुलाची आई म्हणजे थडग्यात सापडलेला कोल्ह्याचा सांगाडा. त्यापलीकडे तिच्याविषयी कोणालाही काही विचारावेसे वाटले नव्हते. आर्काशा स्टीव्हन्सन यांनी तेच विचारले. १९७१ चे रोम, संन्यासिनी होण्यासाठी आलेली तरुण मार्गारेट, आणि तिच्या देहाबद्दलचे निर्णय तिच्या नकळत घेणारी धर्मसत्ता, असा त्यांचा पट आहे. चित्रपटाच्या मधल्या भागात नेल टायगर फ्री यांच्या शरीरातून जी वेदना पडद्यावर येते ती पाहताना ही पूर्वकथा आहे हे मी विसरलो होतो. दुर्दैवाने अखेरीस मूळ चित्रपटाचे नायक ग्रेगरी पेक यांचे छायाचित्र समोर येते, जुने नाव उच्चारले जाते, पुढच्या भागासाठी दार किलकिले ठेवले जाते, आणि चित्रपट पुन्हा हिशेबनीस होतो. ‘सायको’ची पूर्वकथा सांगणाऱ्या ‘बेट्स मोटेल’ या दूरदर्शन मालिकेने निदान हे बंधन झुगारण्याची हिंमत दाखवली. पन्नास भागांत आई-मुलाचे नाते उलगडल्यावर ती मूळ कथेपाशी पोहोचली तेव्हा न्हाणीघरातला तो खून, ‘सायको’त झाला तसा मॅरियनचा न होता तिच्या प्रियकराचा झाला, आणि मॅरियन जिवंत निघून गेली.

ज्या एका पूर्वकथेला मी निःशंकपणे मूळ कृतीच्या शेजारी बसवीन ती म्हणजे डेव्हिड लिंच यांची ‘ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी’. तिला भयपट म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकतो. मी ती पाहताना जितका घाबरलो तितका फार थोड्या चित्रपटांनी घाबरलो आहे. १९९० मध्ये सुरू झालेल्या मालिकेचा आरंभ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या लॉरा पामरच्या प्रेताने झाला होता, आणि सारे गाव, सारे प्रेक्षक तिला कोणी मारले याच कोड्यात गुंतले होते. १९९२ च्या चित्रपटाने ते कोडे शिल्लकच ठेवले नाही. लॉराच्या आयुष्याचे शेवटचे सात दिवस त्याने दाखवले: खुनी कोण, तो घरातच कसा आहे, आणि हे एका शाळकरी मुलीला कळत असताना ती जेवणाच्या टेबलाशी कशी बसते. कान महोत्सवात त्याचे स्वागत कडवटपणे झाले, कारण लोकांना आवडती विनोदी पात्रे हवी होती आणि गूढ हवे होते. त्यांना मिळाली ती एका मुलीची यातना. शेरिल ली यांना सुरुवातीला जवळजवळ केवळ प्रेताच्या भूमिकेसाठी घेतले होते. या चित्रपटात त्या रडतात, हसतात, मैत्रिणीला आपल्या वाटेवर येऊ देत नाहीत, दार उघडताना थबकतात. ती मरणार आहे हे आपल्याला पहिल्या चौकटीपासून माहीत आहे, आणि तरी तिने वाचावे असे वाटत राहते. शेवटी लाल पडद्यांच्या त्या खोलीत लॉरा बसलेली आहे, तपास अधिकारी कूपरचा हात तिच्या खांद्यावर आहे, वर एक देवदूत दिसतो आणि ती रडता रडता हसू लागते.